जयवंतकाकाचं रक्त

"हा कर."

धैर्याने सायकल भिंतीला टेकवली, चपला काढल्या आणि अण्णांच्या नाकासमोर तोंड उघडून मोठ्यांदा 'हाऽऽ' केलं. अण्णांनी डोळे मिटून वास घेतला. मग मान वळवून बाहेरची हवा घेतली आणि पुन्हा एकदा हुंगलं.

"कांदा," अण्णा म्हणाले.

"मिसळ खाल्ली."

"कुणासंगं?"

"ही काय, रत्नी मागं उभी हाय. हिच्यासंगं."

"जा आत."

माझा भाऊ आत गेला. त्याच्यामागून मीही गेले. माझ्या तोंडाचा वास कुणी घेतला नाही. मोठ्या झालेल्या मुलीचं तोंड हुंगायची आमच्या घरात पद्धत नव्हती, आणि तिथं हुंगण्यासारखं काही असेल हे अण्णांच्या स्वप्नातही आलं नसतं.

अण्णांचं नाक साधंसुधं नव्हतं. आमच्या साखर कारखान्याला जोडून डिस्टिलरी होती, मळीपासून स्पिरिट काढायची. तिथल्या लॅबमध्ये अण्णा नोकरीला. काचेच्या नळ्यांतून दिवसभर नमुने तपासायचे आणि उपकरणाच्या आधी नाकानेच सांगायचे, माल कसा उतरलाय ते. एवढं करून स्वतः थेंबाला शिवले नाहीत. आमच्या घरात दारू कधी आली नाही. आला तो फक्त तिचा पगार. कॉलनीतलं क्वार्टर, धैर्याची सायकल, माझी फी, देवघरातली चांदीची निरांजनं, सगळं तिच्याच कृपेनं झालेलं. पण तिचं नाव काढायचं नाही. लक्ष्मी घरात घ्यायची, तिचं माहेर विचारायचं नाही, असा तो व्यवहार होता.

धैर्याच्या मागे ही वासाची परीक्षा लागली ती जयवंतकाकामुळे. काका म्हणजे अण्णांचा धाकटा भाऊ. आम्ही लहान असतानाच दारूपायी गेला. एका सकाळी कारखान्यामागच्या पाटात सापडला. त्याचा एक फोटो आईने ट्रंकेच्या तळाशी ठेवला होता, पण फोटोची गरज नव्हती, कारण धैर्या घरभर फिरतच होता. तेच कुरळे केस, तेच पुढे आलेले कान, तोच डावखुरा हात. काकाला शीळ घालायची सवय होती म्हणे. धैर्याने सातवीत पहिल्यांदा शीळ घातली तेव्हा आईने देवापुढे नारळ ठेवला.

आमच्या घराण्यात रक्ताला फार मान. धैर्याला गणितात चांगले मार्क पडले की ते अण्णांचं रक्त. कमी पडले की आईच्या माहेरचं. आणि तो उशिरा आला, हसला, गप्प बसला, दोन भाकरी जास्त खाल्ल्या किंवा ताट सारून उठला, की ते जयवंतकाकाचं. रक्तात आहे म्हटलं की पुढचं सगळं सोपं होतं. कुणाला काही करावं लागत नाही, नुसती पाळत ठेवली की झालं. अण्णा ती मनोभावे ठेवत. रोज संध्याकाळी तोंड, दर शनिवारी दप्तर.

बाकी व्यसन म्हणाल तर आमच्या घरात तसं काही नव्हतं. आई आणि ताराआत्या मिस्री लावायच्या, पण मिस्रीला कुणी व्यसन म्हणत नाही. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटून पूड करायची आणि बोटाने दातांवर घासायची. त्यात व्यसन कुठून आलं? ते दात घासणं. काही माणसं सकाळी एकदा घासतात. आई सकाळी, जेवणानंतर, चहाआधी, चहानंतर आणि अण्णांशी भांडण झालं की घासायची. एकेकाला स्वच्छतेची आवड असते. ताराआत्या, म्हणजे अण्णांची थोरली बहीण, नवरा गेल्यापासून आमच्याकडेच असायची. तिने दातांची इतकी निगा राखली होती की ते जांभळासारखे काळे झाले होते.

पाचवीत माझी दाढ दुखली तेव्हा आईने बोटावर चिमूटभर मिस्री घेऊन दाढेला चोळली. मला गरगरलं, मी भडाभडा ओकले. दुसऱ्या दिवशी तिने परत लावली, तेव्हा कमी गरगरलं. दाढ दुखायची थांबली तरी मी मागतच राहिले. सहामाहीच्या आत बामची एक रिकामी डबी धुऊनपुसून माझी स्वतःची झाली होती. आईला कोण कौतुक! शेजारणींना सांगायची, "आमची रत्नी आत्ताच बाईमाणसागत बसतीया."

आईत आणि माझ्यात फरक एवढाच होता, की आई एकादशीला दिवसभर मिस्रीला शिवायची नाही आणि तिचं काही अडायचं नाही. मला शाळेचा एक तास निघायचा नाही. घंटा झाली की मी मुतारीमागे जाऊन दात घासून यायचे. मला वाटायचं, सगळ्यांचं असंच असतं. आज माझ्या तोंडातले निम्मे दात डॉक्टरांनी केलेले आहेत, आणि ते मात्र मी दिवसातून दोनदाच घासते.

तर, मी दहावीत असताना शाळेत नव्या बाई आल्या आणि मुलींची दप्तरं तपासू लागल्या. त्यांना प्रेमाच्या चिठ्ठ्या सापडायला हव्या होत्या. बाई लांब शहराकडच्या, त्यांना आमच्या दात घासण्यातलं काय कळणार? उगाच बोभाटा नको म्हणून मी माझी डबी धैर्याच्या दप्तरात ठेवायला लागले. तो शेजारच्याच ज्युनिअर कॉलेजात बारावीला होता. आम्ही दोघं एका सायकलवरून जायचो, आणि मधल्या सुट्टीत मी त्याच्याकडून डबी घ्यायचे. तो नाक मुरडायचा, पण द्यायचा. एका शनिवारी ती परत घ्यायची राहून गेली.

अण्णांनी ती दप्तरातून काढली, झाकण उघडलं आणि नाकाशी नेली. खरं म्हणजे नाकाशी न्यायची काही गरज नव्हती, तो वास आमच्या घरात रोजचाच होता.

"तंबाखू," अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज बसला होता. चिडलेले अण्णा मी अनेकदा बघितले होते. घाबरलेले अण्णा मी पहिल्यांदाच बघत होते. "सुरू झालं. आक्का, सुरू झालं बघ."

ताराआत्या भिंतीला टेकून बसली होती. बामच्या तसल्या डब्या घरोघरी असायच्या, त्यामुळे ती माझी हे आईलाही ओळखू आलं नाही; तिने पदर तोंडाला लावला.

"कवापासनं?" अण्णांनी विचारलं.

धैर्याने माझ्याकडे बघितलं. त्याने जराशी मान हलवली, गप्प राहा म्हणून.

"बोल की! कवापासनं?"

"मी न्हाई खात," धैर्या म्हणाला.

"जयवंताबी हेच म्हणायचा!"

'खातो' म्हटलं असतं तरी काकाच, 'नाही' म्हटलं तरी काकाच. धैर्या परसात जाऊन सायकल पुसत बसला. मी त्याच्यामागे गेले.

"मी सांगते अण्णांना," मी म्हणाले.

"कशाला? मला वाचवायला तुझी साळा घालवू नगंस. साळंत डबी न्हेतीस म्हटल्यावर तुला घरात बसवतील आन् वर्साच्या आत उजवून टाकतील."

"आन् तुझं?"

"माझं काय, माझं जलमल्याबरूबर ठरलंय." तो हसला. हसतानाही तो काकासारखाच दिसत असणार. "अगं, मला चहासुद्धा सोसत न्हाई. पन माझ्या कानांपुढं माझं कोन ऐकतंय?"

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळीच, सुभेदारमामा हजर झाला. आईचा हा थोरला भाऊ मिलिटरीतून निवृत्त होऊन जतच्या बाजूला डाळिंबं आणि शेळ्या सांभाळत होता. कुणाचंही पोरगं वाया जायला लागलं की मामाला बोलवायचं, असा नियम होता. मामा शिस्तीचा कडक. कॅन्टीनमधून दर महिन्याला त्याच्या रमच्या बाटल्या यायच्या, पण ती दारू नव्हे, तो कोटा. रोज जेवणाआधी मामा सैनिकाच्या निष्ठेने तो कोटा संपवायचा.

बाहेरच्या खोलीत सभा भरली. अण्णा आणि मामा खुर्च्यांवर, आई उंबऱ्याशी, ताराआत्या भिंतीला टेकून, मधोमध धैर्या उभा. डबी टेबलावर ठेवली होती. मी आईमागे, स्वयंपाकघराच्या दारात. सकाळपासून मी आईच्या डबीतली मिस्री चोरून लावत होते, त्यामुळे माझं डोकं ठिकाणावर होतं.

"मी घिऊन जातो ह्येला," मामा म्हणाला. "उद्या कालेजातनं दाखला काढू. शेळ्यांमागं पळला की अंगातलं रगत आपसूक निवळतंय."

"बारावीची परीक्षा तोंडावर आलीया, दादा," आई हळूच म्हणाली.

"परीक्षा दिऊन काय करनार? दारूड्यांचा म्होरक्या?"

अण्णा खाली बघत होते. "त्याला फार्मसीला घालायचं हुतं मला," ते म्हणाले. "मार्कंबी हाईत त्येला. पन रक्ताफुडं कुनाचं चालतंय? आमच्या जयवंताचंबी डोस्कं असंच तल्लख हुतं."

फार्मसीचं नाव निघालं तेव्हा धैर्याचा खालचा ओठ थरथरला, आणि त्याने तो दातांखाली धरला. त्याचा तो ओठ बघितला आणि मला राहवेना. माझी शाळा गेली तर गेली, पण ह्याच्या हातात शेळ्यांची काठी मला बघवली नसती.

"ती डबी माझी हाय," मी म्हणाले.

सगळ्यांनी वळून बघितलं.

"काय म्हनलीस?"

"माझी हाय. मिस्रीची. शाळेत बाई दप्तर बघत्यात म्हणून मी दादाच्या दप्तरात ठेवायची."

मी डोळे मिटले. आता आभाळ कोसळणार, अण्णा उठणार, माझी शाळा सुटणार. पण ऐकू आलं ते मामाचं हसू. गडगडाटी, खुर्ची हलवणारं. मी डोळे उघडले तर अण्णाही हसत होते. कपाळाचा घाम पुसत, लहान मुलासारखे हसत होते.

"मिस्री व्हय गं ती!" अण्णा म्हणाले. "मग काल का न्हाई सांगितलंस? अख्खी रात डोळ्याला डोळा न्हाई माझ्या!"

"पोरीबाळींची मिस्री," मामा म्हणाला, "आन् मला जतवरनं यष्टीनं पळवत आनलासा!"

आईने पुढे होऊन टेबलावरची डबी उचलली, पदराने पुसली आणि माझ्या हातात दिली. "नीट ठेवत जा गं आपली आपल्यापाशी," एवढंच म्हणाली. मग चहा टाकायला वळली. खटला निकालात निघाला होता. आरोपी सुटला, पुरावा मालकिणीला परत.

आम्ही सगळ्यांनी तिथंच थांबायला हवं होतं. पण धैर्या थांबला नाही.

"अण्णा," तो म्हणाला, "मघाशी डबीत तंबाखू हुती. आता काय झालं तिचं?"

"आरं, ती मिस्री हाय."

"मिस्री कशाची करत्यात?"

"बायकांचं येगळं असतंय."

"ही दिवसातनं किती डाव लावती, ठावं हाय तुमाला? परवा पेपर चालू असताना पाणी प्यायचं निमित्त करून बाहीर आली. हात कापत हुते हिचे. डबी दिली तवा थांबले. आन् तुमी माझं तोंड हुंगताय!"

"आवाज खाली," अण्णा म्हणाले. हसू कुठल्या कुठे गेलं. "रत्नी तिच्या आईवर गेलीया. तिला काय हुत न्हाई. तू तुझं बघ. ही उलटून बोलायची सवं कुनाची हाय ते ठावं हाय मला."

धैर्याने माझ्या हातातली डबी हिसकावली, मोरीत नेऊन उपडी केली आणि वरून तांब्याभर पाणी ओतलं.

"बघा!" अण्णा ओरडले. "जयवंताचं रगत, दुसरं काय!"

"बास की वसंता."

ताराआत्या होती. अण्णांना नावाने हाक मारणारी घरात ती एकटीच. ती भिंत सोडून सरळ बसली होती. तोंडातली मिस्री तिने कोपऱ्यातल्या डब्यात थुंकली आणि पदराने ओठ पुसले.

"बारा वर्सं ऐकतीया. जयवंताचं रगत, जयवंताचं रगत. मिसरूड फुटायच्या आत त्येला डिस्टिलरीत कुनी चिकटवलं?"

मामाने मिशीवरचा हात खाली घेतला.

"नोकरी लावली म्या त्याला," अण्णा म्हणाले. "उपाशी मेला असता."

"व्हय. टाकीवर लावलास. थंडीत टाकीवरची मानसं टोपणानं स्पिरिट पित्यात, हे तुला म्हाईत हुतं. पैल्यांदा पिऊन आला तवा हसलास तू. म्हनलास, आक्का, गडी मोठा झाला."

"मीबी तिथंच हुतो की!" अण्णांचा आवाज चिरकला. "त्याच आईचा, त्याच भट्टीवर. मला का न्हाई लागली? सांग की, मला का न्हाई लागली?"

"ते मला काय ठावं?" आत्या म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "देवानं त्याच्यात काय घातलं हुतं ते देवाला ठावं. पन ते जागं कुनी केलं, ते मला ठावं हाय."

मामा खाकरला आणि चहा झाला का म्हणून त्याने आत विचारलं. सैनिक माणूस, माघार कधी घ्यावी हे त्याला बरोबर कळायचं.

चहा झाला. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. अण्णांनी कप रिकामा केला, खाली ठेवला, आणि आपल्या जगात एक तरी गोष्ट जागेवर आहे हे दाखवायचं असल्यासारखे म्हणाले, "आज दिवसभर हिला मिस्री दिऊ नका. बघू काय हुतंय. काय हुत न्हाई. चांगल्या रक्ताची पोरगी हाय."

"दाखवते की," मी म्हणाले. मलाही तसंच वाटत होतं. आई एकादशीला राहते, मग मला काय धाड भरली होती?

स्वयंपाक होईपर्यंत मी गाणं गुणगुणत होते. जेवणाची ताटं वाढताना माझी कानशिलं ठणकायला लागली. आमटी खारट लागली, मग अळणी लागली. मामाने दुसऱ्यांदा भाकरी मागितली तेव्हा ती त्याच्या डोक्यात घालावीशी वाटली. जेवणं झाल्यावर आई आणि ताराआत्या नेहमीसारख्या मागच्या पायरीवर बसल्या, बोटं दातांवर फिरवत. तो वास सरळ माझ्या मस्तकात गेला.

"आई, थोडी दे."

"अगं, अण्णांनी सांगितलंय न्हवं? मन घट्ट कर," आई तोंडातलं बोट न काढता म्हणाली.

"बोटभर दे."

"जरा कळ काढ की गं."

मी हातातली वाटी भिंतीवर मारली. आईला मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. आईचा जीव गेला असता तर सुटले असते, असंही त्यात एक वाक्य होतं, आणि ते बोलताना मला ते खरं वाटत होतं. आईचं बोट तोंडातच राहिलं. तिने घाईघाईने आपली डबी कमरेला खोचली आणि वर हात दाबून धरला. धैर्या मला आवरायला पुढे आला, तर मी त्याला बोचकारलं. ज्याच्यासाठी सकाळी मी शाळेवर पाणी सोडायला निघाले होते, त्याच्याच हातावर माझ्या नखांच्या रेघा उठल्या. तो म्हणाला, "रत्ने, अगं मी हाय," आणि मला त्याचं काहीही वाटलं नाही. डोक्यात एकच होतं, ह्याने माझी मिस्री ओतली.

ओतली कुठे, तर मोरीत.

सगळे पाठमोरे झाल्यावर मी मोरीत गेले. पाण्याने बरीचशी पूड वाहून गेली होती, पण फरशीच्या सांध्यात, बादलीच्या बुडाशी एक काळी रेघ चिकटून राहिली होती. मी खाली बसले. बसून हात पुरेना, म्हणून गुडघे टेकले, मग कोपर टेकलं. साबणाचं पाणी, भाताची शितं, केसांचा गुंता, सगळ्यांतून बोटाने ती रेघ गोळा केली आणि तोंडात घातली. पुन्हा केली, पुन्हा घातली. कानशिलं निवायला लागली. एवढं सुख मला त्याआधी कधी झालं नव्हतं, हे मी लाज सोडून सांगते.

हात धुवायला म्हणून अण्णा मोरीच्या दाराशी आले, ते कधी आले मला कळलं नाही. किती वेळ उभे होते तेही कळलं नाही. मी मान वर केली तेव्हा त्यांचा चेहरा ओळखू येत नव्हता. ते रागावले नव्हते. अशा रीतीने जमिनीवर पडलेल्या माणसाला यापूर्वी पुष्कळदा उचललेला माणूस जसा वाकतो, तसे ते वाकले, माझ्या दोन्ही बगलांत हात घातले आणि अगदी मायेने म्हणाले,

"ऊठ, जयवंता. ऊठ, बाळा."

मी उठले. माझं नाव रत्नप्रभा आहे हे त्यांना सांगायला माझं तोंड मोकळं नव्हतं.